साथीचा समभाव

मृत्यू राजा आणि रंक यांच्यांत भेद करीत नाही, हे वचन आपल्याकडे इतके जुने आहे की ते प्रथम कोणी उच्चारले हे विचारण्याचे आता कारण उरलेले नाही. २०२० साली गुढीपाडव्याच्या दिवशी, म्हणजे २५ मार्चला, देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि या जुन्या वचनाला नवा उजाळा मिळाला. रोगाला जात नाही, धर्म नाही, गरिबी-श्रीमंती कळत नाही, या संकटापुढे सारे सारखेच, असे जो तो म्हणू लागला. हे म्हणणारांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. भयभीत झालेल्या समाजास धीर देण्यास अशी वाक्ये उपयोगी पडतात. परंतु जे वाक्य धीर देण्यास बरे, ते विचार करण्यासही बरे असतेच असे नाही. आणि साथ ओसरून आता काही वर्षे लोटली असल्यामुळे त्या वाक्याची शांतपणे परीक्षा करण्यास हरकत नसावी.

जंतूला जात कळत नाही, हे खरे. पण जंतू माणसापर्यंत पोहोचतो तो वाटेने, आणि वाटा समाजाने आखलेल्या असतात. १९१८ साली इन्फ्ल्युएंझाने मुंबईत जो कहर केला, त्यानंतर तेथील आरोग्याधिकाऱ्याच्या अहवालात जमातवार मृत्यूचे आकडे आले. हजारी मृत्यूंचे प्रमाण युरोपियनांत ८.३, पारशांत ९, मुसलमानांत १९.२, इतर हिंदूंत १८.९, आणि ज्यांना त्या कागदांत ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटले होते त्यांच्यांत ६१.६. एकच शहर, एकच वारा, एकच जंतू. आणि दोन टोकांमध्ये सातपटींहून अधिक अंतर. रोग समदर्शी होता असे मानले, तर हे अंतर कोणी पाडले? शंभर वर्षांनंतर, जुलै २०२०मध्ये, त्याच मुंबईच्या तीन विभागांत रक्ताची पाहणी झाली, तेव्हा झोपडपट्ट्यांतील शेकडा ५७ लोकांना लागण होऊन गेल्याचे आढळले आणि इतर वस्तीतील शेकडा १६ लोकांना. इंग्लंडसारख्या सधन देशातही पहिल्या लाटेत अत्यंत दरिद्री विभागांतील मृत्यूंचे प्रमाण अत्यंत सुस्थित विभागांच्या दुपटीहून अधिक होते. तेव्हा हा प्रश्न एखाद्या गावचा किंवा एखाद्या सरकारचा नाही.

तरी आम्ही तो एका ठरावीक प्रदेशाच्या संदर्भात मांडणार आहो. रायगड जिल्ह्याच्या दक्षिणेस, सह्याद्रीच्या पायथ्याशी, महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके आहेत. समुद्र येथून दूर आणि घाट जवळ. येथील घरोघरचा कर्ता पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस नोकरीला. पूर्वी गिरणीत, पुढे गोदीत, दुकानांत, कारखान्यांत, मोटारींवर. मुंबईत दहा बाय दहाची खोली आणि गावी म्हातारे आईबाप, अशी या संसाराची विभागणी. म्हणून मुंबईस जे होते ते चार दिवसांत पोलादपुरास समजते. आणि हा प्रदेश निवडण्यास आणखीही एक कारण आहे: माणसाचा विटाळ आणि माणसाचे पाणी यांविषयीचा आधुनिक महाराष्ट्रातील सर्वांत मोठा वाद याच भूमीवर झाला.

महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी त्या पाण्याची ओंजळ घेतली. त्यानंतर सनातन्यांनी पंचगव्याने तळ्याची ‘शुद्धी’ केली आणि नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेले. अस्पृश्यांना मनाई करणारी रूढी अनादि कालापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयाने आंबेडकरांच्या बाजूने निकाल दिला. ओंजळीपासून निकालापर्यंत दहा वर्षे गेली.

त्या ओंजळीस ९३ वर्षे पूर्ण झाली त्याच आठवड्यात साऱ्या देशाला सांगण्यात आले की, साबणाने वारंवार हात धुवा, आणि परस्परांत ‘सामाजिक अंतर’ राखा. हा शब्दप्रयोग ज्यांनी मराठीत रूढ केला, त्यांना महाडचे स्मरण नव्हते असे दिसते. हातभर अंतर राखणे हा आरोग्याचा नियम झाला. पण ‘सामाजिक अंतर’ हे या देशात आरोग्याचे नाव कधीच नव्हते. पुढे काही सुज्ञांनी ‘सुरक्षित अंतर’ असा शब्द योजिला हे बरे झाले. पण शब्दापेक्षा पाण्याची गोष्ट महत्त्वाची आहे. महाड-पोलादपुरात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तरीही दरवर्षी चैत्र-वैशाखात डोंगरावरील वाड्यांना टँकरने पाणी पुरवावे लागते. पावसाचे पाणी उतारावरून सावित्रीत आणि सावित्रीतून खाडीत निघून जाते. वाडीच्या विहिरीत उरतो तो तळाचा चिखल. हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरणाऱ्या आणि पुन्हा चढणाऱ्या बाईला दर तासाने हात धुण्याचा उपदेश करणे म्हणजे काय, याचा विचार वाचकांनीच करावा. उपदेश खोटा नव्हता. शास्त्राच्या दृष्टीने तो अगदी बिनचूक होता. फक्त तो पाळण्याची साधने नळ असलेल्या घरांत होती, आणि न पाळण्याचा दोष मात्र नळ नसलेल्या घरांना लागणार होता.

येथेच आमच्या प्रश्नाचे मूळ आहे. सर्वांना एकच नियम लावणे म्हणजे न्याय, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते, आणि शांततेच्या काळात ती पुष्कळ अंशी खरीही ठरते. कायद्यापुढे सारे समान हे तत्त्व मिळविण्यासाठी माणसांनी फार सोसले आहे. त्याची थट्टा करण्याचे आमच्या मनात नाही. पण साथीचे नियम हे दंडविधानासारखे नसतात. ‘चोरी करू नका’ हा नियम पाळण्यास काही खर्च पडत नाही. ‘घरात राहा’ हा नियम पाळण्यास घर लागते, घरात पुरेशा खोल्या लागतात, कोठारात धान्य लागते आणि न कमावता महिना काढता येईल एवढी शिल्लक लागते. वैद्य तान्ह्या मुलाला आणि तालमीतल्या जवानाला एकच मात्रा देत नाही. तशी देणारास आपण निःपक्षपाती म्हणणार नाही, अडाणी म्हणू.

एक उदाहरण गणेशोत्सवाचे घ्या. २०२० साली चतुर्थी २२ ऑगस्टला होती. कोकणात जाऊ इच्छिणाऱ्या चाकरमान्यांनी दहा दिवस आधी पोहोचावे आणि विलगीकरणात राहावे, असे सरकारने सांगितले. नियम सर्वांना एकच होता. ज्याची नोकरी कायम, रजा भरपगारी आणि काम संगणकावर होण्यासारखे, त्याला हे सहज जमले. उलट बऱ्याच वर्षांनी गावी निवांत राहण्याचा योग आला असेही काहींना वाटले असेल. ज्याचे पोट रोजावर, त्याला दहा दिवसांचे विलगीकरण आणि त्यापुढचे उत्सवाचे दिवस म्हणजे अर्ध्या महिन्याची कमाई सोडून देणे होते, आणि तेही आधीच चार महिने चूल अर्धवट पेटल्यानंतर. नियमाने कोणालाही अडविले नाही. तरी कोण गेला आणि कोण राहिला हे आधीच ठरून गेले होते.

त्या वसंतातील आणखी एक दृश्य असेच विचार करण्याजोगे आहे. टाळेबंदीनंतर मुंबईहून कोकणाकडे माणसे निघाली. गाडी मिळाली तर गाडीने, नाही तर महामार्गाने पायी. महाड तेथून दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर. आणि कित्येक गावांनी आपल्या वेशीवर बांबू, दगड, तोडलेली झाडे आडवी टाकून वाट बंद केली होती. आत येऊ दिले ते शाळेत चौदा दिवस काढण्याच्या बोलीवर. ज्यांच्या वर्गणीतून देवळाचा जीर्णोद्धार झाला, ज्यांच्या मनिऑर्डरींवर घरे उभी राहिली, शिमग्याला ज्यांची वाट पाहिली जाई, त्यांनाच गावकीने वेशीवर थांबविले. शहरातील पुष्कळांनी त्या वेळी खेड्याच्या निष्ठुरपणावर लिहिले.

आम्हांस तो निकाल घाईचा वाटतो. त्या गावांत मागे उरले होते कोण? बहुतेक म्हातारी माणसे, म्हणजे या रोगाने सर्वांत आधी उचलावीत अशी. जवळ औषध काय होते? आरोग्य उपकेंद्र, तेथील एक परिचारिका, आणि गावातील आशाताई. त्यापुढे पोलादपूर, त्यापुढे महाडचे रुग्णालय, आणि खरोखर दुखणे विकोपास गेले तर शंभर किलोमीटरांच्या आसपास दूर असलेले अलिबाग किंवा मग मुंबईच. ज्याच्यापाशी प्राणवायूची नळी नाही, त्याच्यापाशी आडवा बांबू हेच एक औषध उरते. गावाने ते वापरले. यात क्रौर्य नव्हते असे आम्ही म्हणत नाही, क्रौर्य होतेच. पण ते गावाच्या स्वभावातून आलेले नव्हते. ज्या दोघांना साहाय्याची सारखीच गरज होती, त्या मुंबईतील मुलाला आणि गावातील बापाला, परस्परांपासून आपला जीव वाचविण्याच्या कामास लावण्यात आले होते. दुर्बळांनी दुर्बळांवर पहारा करावा आणि त्या पहाऱ्याचा दोषही त्यांनीच घ्यावा, ही साथीची एक खोल करामत आहे, आणि तिच्याकडे नीतिशास्त्राचे लक्ष जावे तितके गेलेले नाही.

याहूनही खालच्या पायरीवर कातकरी आहेत. रायगड जिल्ह्यात त्यांची वस्ती मोठी. महाराष्ट्रातील ज्या तीन आदिवासी जमातींना सरकारने विशेष दुर्बल मानले आहे त्यांत यांची गणना होते. दिवाळीनंतर घरातील सारी माणसे, लेकराबाळांसह, वीटभट्टीवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. भट्टीवर जाण्यापूर्वी मालकाकडून उचल घेतलेली असते. हंगामभर ती फेडायची. टाळेबंदी आली ती ऐन हंगामात. एप्रिल २०२०पासून माणशी पाच किलो धान्य फुकट मिळू लागले ही मोठी गोष्ट होती, आणि तिने असंख्य जीव तगविले हे मान्य केलेच पाहिजे. पण धान्य शिधापत्रिकेवर मिळते, आणि शिधापत्रिका असलीच तर ती वाडीवर. माणूस दूरच्या भट्टीवर. शासनाने आदिवासी कुटुंबांसाठी चार हजार रुपयांचे खावटी अनुदान २०२० साली मंजूर केले. ते बहुतेकांच्या हाती पडेपर्यंत २०२१ साल उजाडले होते. खावटी हा शब्दच पावसाळ्यातील उपासमारीच्या दिवसांसाठी आहे. एक पावसाळा मधल्यामध्ये निघून गेला.

या साऱ्यावर आमच्या वर्गात एक उत्तर हमखास ऐकू येई: कष्टकरी लोक काटक असतात, त्यांची प्रतिकारशक्ती दांडगी, त्यांना काही होत नाही. या स्तुतीपासून वाचकांनी सावध राहावे अशी आमची विनंती आहे. ज्याला मदत करावयाची नसते, त्याच्या सहनशक्तीचे कौतुक करण्याची माणसाला फार जुनी खोड आहे. विधवांच्या सात्त्विकपणाचे आणि शेतकऱ्याच्या समाधानाचे कौतुक याच जातीचे. काटकपणाचा पुरावा तरी कोणता? वाडीवर फारसे रुग्ण आढळले नाहीत हा. पण जेथे तपासणी पोहोचली नाही तेथे रुग्ण आढळणार कसे? भारतात २०१९ साली क्षयाचे २४ लाखांवर रुग्ण नोंदविले गेले होते; २०२०मध्ये ही संख्या १८ लाखांवर आली. क्षय काही सहा लाखांनी पळाला नव्हता. त्याला शोधणारे हात दुसऱ्या कामास जुंपले गेले होते, आणि रुग्णाला दवाखान्यापर्यंत नेणारी एस. टी. बंद होती. ज्यांचा क्षय त्या वर्षी सापडला नाही त्यांत विटा भाजणारे, कोळसा पाडणारे, खाणीत खपणारे लोक किती असतील, याची कल्पना करणे कठीण नाही. नवी साथ जुन्या रोगांवर पडदा टाकते. आणि जुने रोग हे बहुतांशी गरिबांचेच असतात.

यंत्रांविषयीही एक गोष्ट ओघाने सांगतो. सप्टेंबर २०२०पासून राज्यात घरोघर जी पाहणी झाली, तीत रक्तातील प्राणवायू मोजण्याचे बोटाला लावावयाचे लहानसे यंत्र आशाताईंच्या हाती आले. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतील एका अभ्यासाने दाखविले की, हे यंत्र काळ्या त्वचेच्या रुग्णांच्या बाबतीत धोक्याची पातळी गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट वेळा चुकविते. यंत्राला कोणाचा द्वेष नव्हता. ते घडविताना कोणाची बोटे समोर होती, एवढाच प्रश्न. लसीच्या नोंदणीचेही तसेच झाले. मे २०२१मध्ये पंचेचाळीस वर्षांखालील लोकांना लस हवी असल्यास संगणकावर किंवा मोबाइलवर आधी वेळ राखून ठेवणे सक्तीचे होते. शहरातील चपळ बोटांनी खेड्यातील केंद्रांच्या वेळा पटकावल्या आणि मोटारी तिकडे धावल्या, अशा तक्रारी तेव्हा महाराष्ट्रात ठिकठिकाणी झाल्या. महिन्या-दीड महिन्यात ही सक्ती गेली, हे नमूद करणे न्याय्य होईल.

आता एक आक्षेप असा येईल की, हे सारे दुर्दैव आहे, अन्याय नव्हे. अन्यायाला करणारा लागतो. येथे कोणी कोणाचे वाईट चिंतिलेले नाही. हा आक्षेप हलका नाही, आणि महाड-पोलादपूरच्या त्या दोन वर्षांचा इतिहास प्रथमदर्शनी त्याला पुष्टीच देतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. २४ ऑगस्टला महाडमध्ये पाच मजली इमारत कोसळून सोळा माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी यांनी महाडची बाजारपेठ बुडविली, आणि त्याच दिवशी तळिये येथे डोंगर खचून ऐंशींहून अधिक माणसे गाडली गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरड आली. रस्ते पाण्याखाली आणि दूरध्वनी बंद, त्यामुळे मदत तळियेस पोहोचण्यास दुसरा दिवस उजाडला. वाचलेल्यांनी दाटीने एकत्र राहावे की साथीच्या भयाने दूर राहावे, हा प्रश्नही त्यांच्यापुढे पर्याय म्हणून नव्हताच. इतके आघात एका लहानशा प्रदेशावर पाहून माणसाने दैवाला हात जोडावेत यात नवल नाही.

परंतु दैव कशाला म्हणावे याला काही मर्यादा असली पाहिजे. जे अकस्मात येते आणि ज्यावर उपाय नसतो, ते दैव. वाडीची विहीर वैशाखात आटते हे कोणास ठाऊक नव्हते? टँकरचे वेळापत्रक तर दरवर्षी आखले जाते. कातकरी हंगामात वाडीवर नसतो, चाकरमानी दाटीच्या खोलीत राहतो, पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या गावांहून रुग्णालय दूर आहे, डोंगराच्या पोटाशी वस्ती आहे, यांतील कोणती गोष्ट साथीने नव्याने उघडकीस आणली? वादळ अचानक येते. छप्पर आधीपासूनच कुजलेले असते. जे ठाऊक होते, ज्यावर उपाय माहीत होता, आणि जो उपाय इतरत्र केलाही गेला होता, ते न करणे याला दैव म्हणता येत नाही. त्यास एकच करणारा सापडत नाही, कारण करणारे पुष्कळ आहेत. आणि एका अपराधाचे भागीदार वाढल्याने तो अपराध नाहीसा होत नाही.

यातूनच देण्याघेण्याचा प्रश्न निघतो. टाळेबंदीत सुस्थित घरांनी धान्याच्या पिशव्या वाटल्या, निधी दिले. ते चांगलेच केले. पण ते देताना बहुतेकांच्या मनात दया होती, आणि आमच्या मते तेथे ऋणाची जाणीव असावयास हवी होती. सुस्थित माणूस घरात सुरक्षित राहू शकला तो दूध टाकणारा, कचरा उचलणारा, औषध पोहोचविणारा, रुग्णालयात फरशी पुसणारा घराबाहेर होता म्हणून. त्याने पत्करलेला धोका हा ह्याच्या सुरक्षिततेची किंमत होती, आणि ती किंमत ह्याने चुकविलेली नाही. आशाताईंचेच पाहा. राज्यातील सुमारे सत्तर हजार स्त्रिया दारोदार फिरून ताप मोजीत, विलगीकरणातल्यांची नोंद ठेवीत, लोकांचे शिव्याशापही खात. साथीच्या या कामासाठी केंद्राकडून त्यांना महिन्याला एक हजार रुपये अधिक मिळत, म्हणजे दिवसाला तेहतीस. जून २०२१मध्ये त्यांना संपावर जावे लागले. त्यांच्यासाठी टाळ्या आणि थाळ्या आधीच वाजवून झाल्या होत्या. दया देणाराच्या मर्जीवर असते आणि ती दमली की थांबते. ऋणाला मुदत असते, हिशेब असतो, आणि धनको दारात उभा राहून मागू शकतो. आशाताई मागावयास आल्या, तेव्हा पुष्कळांना ते अवेळी वाटले.

हिशेबाचा विषय निघाला म्हणून शेवटच्या एका कागदाविषयी. या रोगाने दगावलेल्याच्या कुटुंबास पन्नास हजार रुपये द्यावेत, यास सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१मध्ये मान्यता दिली. त्यासाठी रोग झाल्याचा चाचणीचा दाखला किंवा रुग्णालयातील वैद्याचे निदान हवे होते. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात साथीमुळे सुमारे ४७ लाख अधिक मृत्यू झाले असावेत असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. सरकारी नोंद पाच लाखांच्या आतली, आणि सरकारला तो अंदाज मान्य नाही. खरी संख्या या दोहोंच्या मध्ये कोठे आहे याचा वाद विद्वानांनी करावा. पण जो म्हातारा ताप येऊन, धाप लागून, डोंगरावरच्या घरात चार दिवसांत गेला, ज्याच्या घशातला नमुना कोणी घेतला नाही आणि ज्याने रुग्णालयाचा उंबरा पाहिला नाही, तो दोन्हीपैकी कोणत्या संख्येत बसतो हे त्याच्या घरच्यांना सांगता येणार नाही. दाखला नाही म्हणून अर्ज नाही. तक्रार असल्यास ती ऐकण्यासाठी जिल्हा समिती नेमलेली होती. आणि जिल्ह्याचे ठिकाण, पोलादपूरच्या वाडीवरून पाहता, अलिबाग.